वानगी

माणसाची पारख तो काय घेतो यावरून होत नाही, तो काय परत पाठवतो यावरून होते. हे वाक्य माझं स्वतःचं आहे. वाळूजच्या कंपनीत, बाहेरून आलेला माल तपासायच्या आमच्या खात्यात नवीन पोरं रुजू झाली की पहिल्या दिवशी मी त्यांना ते ऐकवतो. जरा थांबून, खिडकीबाहेर बघत ऐकवतो. पोरं लिहून घेतात, मग चहा येतो. गेल्या रविवारी मी जालना रोडवरच्या एका भल्यामोठ्या दुकानातून तांदूळ, तूरडाळ, साबण, मुलांच्या हट्टाचं काहीबाही आणि मला नको असलेले एक किलो शेंगदाणे घेतले, त्यातलं काहीही परत पाठवलं नाही, आणि वर तिथल्या एका माणसाला सॉरी म्हणालो.

त्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं. आमच्या भागात पाण्याच्या दिवशी घरात सख्ख्या भावाचं लग्न असलं तरी एक माणूस मागं राहतं. त्यामुळं सोनिया, म्हणजे माझी बायको, मोटारीपाशी थांबली. "दोघांनाही घेऊन जा," ती म्हणाली, "टाकी तरी शांतपणे भरू दे." मी म्हटलं, त्यात काय. पंधरा माणसांचं खातं सांभाळणाऱ्याला दोन मुलं आणि एक ट्रॉली म्हणजे काय. श्रेया आठ वर्षांची आहे. तिला वाचता येतं, म्हणून ती सगळं वाचते, मोठ्यानं वाचते, शाम्पूच्या बाटलीवरचा इशारासुद्धा. सत्यम पाच वर्षांचा. तो उन्हाळ्याची सगळी सुट्टी पिशोरला आबांकडं, म्हणजे माझ्या वडलांकडं काढून आला, आणि येताना दुसरं काही न आणता भाषा घेऊन आला. शाळेत मॅडमनी इंग्रजीत विचारलं, डबा आणलास का, तर हा म्हणाला, "व्हय." घरी आम्ही त्यावर पोट धरून हसलो. चार लोकांत मात्र आम्ही त्याला हळूच दुरुस्त करतो. घरात हसायचं आणि बाहेर दुरुस्त करायचं, याला आमच्या पिढीत संस्कार म्हणतात.

सुट्ट्या धान्याची रांग दुकानाच्या मागच्या बाजूला आहे. पारदर्शक झाकणांच्या पेट्या, प्रत्येकीत साखळीला बांधलेला एक डाव. मी डाळीच्या पाकिटावरची तारीख शोधत होतो. ती सापडू नये अशाच जागी छापतात. सत्यम माझ्या पायापाशी होता, आणि मग नव्हता. वळून पाहिलं तर त्यानं शेंगदाण्याच्या पेटीचं झाकण उघडलेलं, मूठभर दाणे तळहातावर घेतलेले, दुसऱ्या तळव्यानं ते चोळलेले, आणि तो फुंकर मारत होता. लाल टरफलं त्या गुळगुळीत पांढऱ्या फरशीवर उडाली. उरलेले दाणे त्यानं तोंडात टाकले आणि डोळे मिटले. हे डोळे मिटणं त्याचं नव्हतं. ते आबांचं होतं. पाच वर्षांच्या चेहऱ्यावर सत्तरीतलं ते डोळे मिटणं मला दिसलं आणि क्षणभर बरंही वाटलं, हे मला नक्की आठवतं, कारण त्यानंतर बराच वेळ मला काही बरं वाटलं नाही. तेवढ्यात डोक्यावरचा भोंगा सुरू झाला, 'सभी ग्राहकों से निवेदन है', कोणाची तरी पांढरी गाडी कोणाच्या तरी आडवी लागली होती. निळ्या टी-शर्टातल्या एका माणसानं सत्यमचं मनगट धरलं. तो माझ्याकडं बघून काहीतरी बोलत होता. त्याचे ओठ हलत होते, भोंगा चालू होता, आजूबाजूच्या ट्रॉल्या थांबल्या होत्या. आणि मग चोरी हा शब्द तिथं झाला. आधी नव्हता, मग झाला, आणि झाल्यावर असा काही ऐसपैस बसला की दुसऱ्या कुठल्या शब्दाला जागाच राहिली नाही. सत्यमनं तोंडातलं माझ्या हातावर काढलं. ओला, कोमट, अर्धवट चावलेला तो लगदा मुठीत धरून मी त्या माणसाला म्हणालो, "सॉरी. लहान आहे." मग डाव घेऊन किलोभर शेंगदाणे स्वतः भरून घेतले. कोणी तसं सांगितलं नव्हतं. पण सांगितलंच असतं.

"पप्पा, घेऊ नका," सत्यम म्हणाला. "खवट हैत."

"गप्प बस."

"आबा म्हणतेत, खवट असलं की..."

"सत्या, गप्प."

 मी त्याला उचलून ट्रॉलीत ठेवलं, सामानात. श्रेया शेजारून चालत होती आणि या वेळी काहीच वाचत नव्हती. खूप वेळानं तिनं विचारलं, "पप्पा, सत्यम चोर आहे का?" कुतूहलानं विचारलं, मासा पाण्यात झोपतो का, हे ती ज्या आवाजात विचारते त्या आवाजात. आणि मी, बारा वर्षं लोकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं देण्याचा पगार घेणारा माणूस, म्हणालो, "हळू बोल." नाही म्हणायला एक श्वास पुरला असता. पण नाही म्हटलं तर मघाशी मान खाली का घातली याचं उत्तर द्यावं लागलं असतं. हळू बोल याचा अर्थ आठ वर्षांच्या मुलीला एकच कळतो. होय, पण लोकांना कळू देऊ नको.

हात पुसायला रुमाल काढला तरी तो चिकटपणा बोटांच्या बेचक्यात राहिला. राग यायला लागला तो तिथून, बोटांतून. मला राग लगेच येत नाही. माझा राग मराठवाड्याच्या रेल्वेसारखा आहे, तो येतो हे नक्की, पण तोवर लोक निघून गेलेले असतात. आधी मला त्या निळ्या टी-शर्टाचा राग आला. मग साखळीला बांधलेल्या डावांचा. माणसाला डाव सुटा द्यायचा विश्वास नाही, आणि वर भिंतीवर 'आपलंच दुकान'. मग आबांचा राग आला. कारण हे सगळं त्यांनी शिकवलं होतं. नातवाला आठवडी बाजारात बोट धरून नेलं होतं आणि प्रत्येक पोत्यासमोर उभं करून सांगितलं होतं, आधी वानगी घ्यायची, मंग भाव इचारायचा. सत्यमनं फोनवर मला ते सगळं सांगितलं होतं. "आबा, डोळं का मिटायचं?" तर म्हणे आबा म्हणाले, "दुकानदाराचं तोंड दिसलं की चव बिघडती." मी फोनवर हसलो होतो आणि कंपनीत चार जणांना ते सांगितलं होतं. माझ्या लहानपणी हेच मला सांगितलं होतं. वानगी घेतल्याबिगर माल घेणारा येडा, आन् वानगी न देणारा लबाड. पिशोरच्या बाजारात एखाद्यानं दाणा न चाखता गूळ-शेंगदाणे घेतले तर दुकानदारालाच अपमान वाटायचा. "का हो कारभारी, आज बघना बी? घरी भांडून आले का?" मूठ पुढं करणं हा तिथला रामराम होता.

भाजीच्या भागात आमच्या सोसायटीतल्या मीनाक्षीकाकू भेटल्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यात, पण तसं कोणी त्यांना अजून सांगितलेलं नाही. भेंडीच्या क्रेटसमोर उभं राहून त्या एकेक भेंडी उचलत होत्या, अंगठ्यानं तिचं टोक मोडत होत्या, कट् आवाज आला तर पिशवीत, नाही आला तर परत क्रेटमधे.

"काय हो सांडू, आज एकटेच? सोनिया कुठंय?"

"पाणी आहे आज."

"हो, हो, आमचे हेही पाण्याला बसलेत." कट्. "मघाशी काय झालं हो तिकडं? गर्दी दिसली." कट्. "भूक लागली होती का बाळाला? घरून खाऊ घालून आणावं मुलांना. आम्ही आमच्या चारुताला लहानपणी कधीच उपाशी पोटी बाजारात नेलं नाही."

"भूक नव्हती लागली."

"नाही, तसं नाही हो. गावाकडं राहून आलाय ना? असतात सवयी." मऊ निघालेली एक भेंडी त्यांनी परत टाकली. "जातील हळूहळू. तुमच्या नाही का गेल्या?"

त्या हसल्या. खरं सांगायचं तर मनापासून हसल्या; त्यांच्या मते ती स्तुती होती. मी पण हसलो. माझी नजर त्या क्रेटवर होती. त्यात भेंडीपेक्षा भेंडीची टोकं जास्त होती. शेकडो हिरवी टोकं, शहरातल्या सगळ्या सुशिक्षित अंगठ्यांनी मोडलेली, आणि वर मोडक्या, टोक नसलेल्या भेंड्या, ज्या संध्याकाळपर्यंत काळ्या पडणार होत्या. क्रेटवर पाटी होती, श्रेयानं ती वाचलीसुद्धा, 'कृपया भेंडी मोडू नये.' कृपया. भेंडी मोडणाऱ्याला कृपया आणि शेंगदाणा चाखणाऱ्याचं मनगट. मला मोठ्यानं विचारायचं होतं की काकू, ही भेंडी मोडणं म्हणजे काय असतं हो? त्याला मुख्याध्यापिकांच्या भाषेत काय म्हणतात? पण मी विचारलं, "कोवळी आहे का?" त्या म्हणाल्या, "आज तशी बरी आहे," आणि मी अर्धा किलो भेंडी घेतली. न मोडता. माझ्या गेल्या ना सवयी.

आणि मग, कांद्या-बटाट्याच्या समोर, मला कन्नडचं, म्हणजे आमच्या तालुक्याचं धान्य मार्केट आठवलं. मी सत्यमपेक्षा थोडाच मोठा असेन. आबांबरोबर मक्याच्या गाडीवर बसून गेलो होतो. आडत्या आला, पांढऱ्या कपड्यांतला, त्यानं पोत्यात पोकळ लोखंडी सळई खुपसली, ओंजळभर मका काढली, एक दाणा दाताखाली फोडला आणि उरलेली ओंजळ मागं त्याच्या माणसानं पसरलेल्या चादरीवर टाकली. दुसरं पोतं, दुसरी ओंजळ. त्याच्यामागून दुसरा व्यापारी आला, त्यानं पण एक ओंजळ. संध्याकाळी ती चादर चार टोकांनी धरून उचलायला दोन माणसं लागली. मी आबांना विचारलं होतं, "ते आपली मका का नेतेत?" आबा म्हणाले, "वानगी हाय ती. दस्तूर असतो." मोठ्या माणसाची मूठ पोत्यात गेली की तो दस्तूर. मला त्या दिवशी काही वाटलं नव्हतं. तीस वर्षांनी, सुपरमार्केटच्या थंडगार हवेत, बटाट्यांसमोर, मला त्या चादरीचा असा संताप आला की हातातला बटाटा मी फोडीन असं वाटलं. बटाटा कशाला फुटतोय. मी तो पिशवीत टाकला.

मी काय करतो रोज? तोच दस्तूर. पुरवठादाराचा टेम्पो येतो, त्यातल्या पेट्या आम्ही फोडतो, वरचे, मधले, तळातले नग काढतो, मोजतो, एक-दोन तर कापून बघतो, कापलेला नग भंगारात. पुरवठादार समोर उभा असतो, हातात आमचाच चहा, आणि "साहेब, बघा ना अजून, बघा ना," म्हणत असतो. नाही आवडलं तर लाल चिठ्ठी, गाडी परत. त्यावर माझं घर चालतं, मुलांची शाळा चालते. बारा वर्षांत कोणी माझं मनगट धरलं नाही. आबा बाजारात मुठीनं जे करतात तेच मी यंत्रानं करतो, म्हणून मी इंजिनियर आणि सत्यम... माझा हात ट्रॉलीच्या दांडीवर इतका घट्ट झाला होता की श्रेया म्हणाली, "पप्पा, ट्रॉली वाकडी चाललीय." खरंच वाकडी चालली होती. एक चाक अडकत होतं. मी तेही परत केलं नव्हतं.

बिलाच्या रांगेच्या अलीकडं एक मुलगी ट्रे घेऊन उभी होती. डोक्याला कंपनीची टोपी, ट्रेमधे बिस्किटांचे तुकडे, प्रत्येकात एक काडी खोचलेली.

"सर, नवीन आलंय, ट्राय करा ना. सॅम्पल आहे. बाळा, घे."

ट्रॉलीत सामानाच्या मधे बसलेल्या सत्यमनं ट्रेकडं पाहिलं. त्याला बिस्किट आवडतं. कुठलंही बिस्किट आवडतं. त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"घे ना रे. फ्री आहे."

"नको."

"का? चॉकलेटचं आहे."

"चोरी हाय ती," सत्यम म्हणाला.

"अय्या, किती गोड!" ती मुलगी म्हणाली, आणि तिनं ट्रे पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळवला. सत्यमचे हात पाठीमागंच राहिले. तो रडला असता तर मी त्याला उचलून घेतलं असतं, एखादं खेळणं घेऊन दिलं असतं, विषय संपला असता. तो रडत नव्हता. त्यानं नियम शिकून घेतला होता, नीट, पहिल्याच वेळी, जसा तो आबांकडून शिकला होता. आबांनी सबंध सुट्टीभर बोट धरून जे शिकवलं ते एका शब्दानं पुसून तिथं दुसरं लिहिलं गेलं होतं. उद्या शाळेत कोणी डब्यातला लाडू पुढं केला तरी हे हात असेच मागं जातील का? मोठा झाल्यावर कोणी काही देऊ केलं, मनापासून देऊ केलं, तरी? माझा राग आला. रेल्वे आली. रांग सोडून मी ट्रॉली वळवली आणि ते अडकणारं चाक फरफटवत मदत कक्ष असं लिहिलेल्या टेबलापाशी नेली.

तिथं टाय लावलेला तरुण मॅनेजर होता. छातीवर नाव, केयूर. चेहऱ्यावर हसू, तेही बहुधा नावाबरोबर मिळालेलं.

"बोला सर, काय मदत करू?"

"धान्यापाशी तुमचा एक माणूस आहे, निळ्या टी-शर्टातला. त्याला बोलवा. त्यानं माझ्या मुलाला चोर ठरवलं. पाच वर्षांच्या मुलाला. सगळ्यांसमोर. आता त्यानं सगळ्यांसमोर त्याला सांगायचं की वानगी बघणं ही चोरी नसते."

"काय बघणं, सर?"

"वानगी."

त्यानं नम्रपणे विचार केला. "ते कुठल्या सेक्शनला येतं, सर?"

मग मी बोललो. मला वाटतं मी बराच वेळ बोललो आणि बऱ्यापैकी मोठ्यानं. वानगी म्हणजे काय ते सांगितलं. पिशोर सांगितलं, कन्नडची चादर सांगितली. भेंडीच्या टोकांवर आलो तेव्हा मागं मीनाक्षीकाकू उभ्या आहेत हे दिसलं, तरी थांबलो नाही. उलट जरा त्यांच्याकडं बघूनच सांगितलं. त्या काडीवरच्या बिस्किटावर आलो. म्हणालो, तुम्ही दिलं की सॅम्पल, आणि आम्ही घेतलं की चोरी? लोक जमले होते. एक आजोबा म्हणाले, "बरोबर बोलतायत ते." कोणीतरी मोबाइल वर धरला. मला वर्षानुवर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. मी वाकडा चालत नव्हतो, मी हळू बोलत नव्हतो. आबांनी पाहायला हवं होतं, असंही मनात येऊन गेलं. भोंग्यावर त्या माणसाला बोलावलं गेलं आणि तो धावतच आला. चाळिशीचा, केस पिकायला लागलेले, छातीवर रामकिसन. चेहऱ्यावर भीती होती, आणि ती बघून मला, सांगायला नको, बरं वाटलं.

"रामकिसन," मॅनेजर म्हणाला, "तू ह्या सरांच्या मुलाला चोर म्हटलंस?"

"म्या?" रामकिसन म्हणाला. "म्या कवा म्हणलो सर?"

"खोटं बोलू नका," मी म्हणालो. "मनगट धरलं होतंत तुम्ही त्याचं."

"धरलं व्हतं. म्या म्हणलो, ध्यान ठिवा साहेब, लहान लेकराच्या नरड्यात दाणा अडकतो. माझ्या भाच्याच्या अडकला व्हता, लई तरास झाला. भोंगा चालू व्हता, तुमाला ऐकू आलं नसंल."

"मग चोरी कोण म्हणालं?" मी ओरडलो. "हवेत झाला का तो शब्द?"

"पप्पा," श्रेया म्हणाली. ती माझा शर्ट ओढत होती. बहुधा मघापासून ओढत होती. "पप्पा, तुम्हीच म्हणालात."

"मी काय म्हणालो?"

"तुम्ही म्हणालात, 'सत्या, चोरी करतोस? थुंक ते.' मग ह्या काकांना सॉरी म्हणालात."

ती हे वाचून दाखवल्यासारखं म्हणाली, न अडखळता. मोबाइल धरणाऱ्यानं मोबाइल अजून खाली घेतला नव्हता. मीनाक्षीकाकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. रामकिसन माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आता भीती नव्हती. माझ्यासाठी काहीतरी अवघडल्यासारखं होतं, जे बघायला मला जास्त जड गेलं. त्या क्षणी मला ते ऐकू आलं. माझा स्वतःचा आवाज, भोंग्याच्या वर चढवलेला, आजूबाजूच्या ट्रॉल्यांना ऐकू जावा म्हणून मुद्दाम चढवलेला, शुद्ध, कुठंही पिशोर नसलेला. आणि माझा हात, सत्यमच्या हनुवटीखाली धरलेला.

"मग सर," मॅनेजर म्हणाला. तो खरोखरच विचारत होता, त्याला हे मिटवून रांगेकडं जायचं होतं. "बाळाला नक्की कोणी सांगायचंय?"

"मी सांगतो," मी म्हणालो, आणि वळलो.

ट्रॉलीत, तांदळाच्या पिशवीवर डोकं ठेवून, सत्यम झोपला होता.